‘पूररेषा’ आणखी कोणत्या यंत्रांवर न्यावी?

‘पूररेषा’ हा गेम मी झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के या १९८२ साली बाजारात आलेल्या संगणकासाठी हौसेने लिहिला. तो पूर्ण होऊन लोकांच्या हाती पडल्यापासून एक विचारणा सतत होत आली आहे: हा कमोडोर ६४ वर येणार का, एमएसएक्सवर येणार का, गेम बॉयवर चालेल का, मेगा ड्राइव्हचे काय? विचारणाऱ्यांचा उत्साह खरा आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. तरीही ‘या यंत्रावर आला तर छान होईल’ असे म्हणणे वेगळे आणि ‘या यंत्रावर आला तर मी तो शेवटपर्यंत खेळेन, खऱ्या यंत्रावर लावून पाहीन आणि बिघाड दिसला तर कळवीन’ असे म्हणणे वेगळे. पोर्ट करण्याचे, म्हणजे गेम दुसऱ्या यंत्रासाठी नव्याने बसवण्याचे काम मी मनावर घेतले आहे. पण ते कोणत्या यंत्रापासून सुरू करायचे हे ठरवण्याआधी, दुसऱ्या प्रकारचे बोलणारी माणसे कोणकोणत्या यंत्रांपाशी बसलेली आहेत ते मला जाणून घ्यायचे आहे. त्यासाठी आधी गेमची रचना आणि निरनिराळ्या यंत्रांवर तिचे काय होईल हे सविस्तर सांगतो, म्हणजे मत देणाऱ्याला आपण कशाबद्दल मत देत आहोत ते नीट कळेल.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. जमिनीखालच्या एका जुन्या जलागारात पाणी चढत चालले आहे आणि खेळाडू हा तिथला रखवालदार आहे. एकूण ४८ दालने आहेत आणि प्रत्येक दालन म्हणजे एक स्क्रीन. झडपांची चाके फिरवून पाणी एका दालनातून दुसऱ्यात सोडायचे, बुडालेली वाट मोकळी करायची आणि स्वतः पूररेषेच्या वर राहायचे. उड्या मारण्याचे कसब थोडेफार लागते, पण खरा खेळ पाण्याचा आहे. पाणी खाली वाहते, खाली जागा नसेल तर दोन्ही बाजूंना पसरते आणि दालन काठोकाठ भरले की शेजारच्या दालनात सांडते. ते कुठून कुठे जाईल याचा अंदाज बांधून चाक फिरवण्यात या खेळाची सगळी मजा आहे, आणि कोणत्याही नव्या यंत्रावर ती मजा जशीच्या तशी राहिली पाहिजे, हा माझा एकमेव हट्ट आहे.

आता स्पेक्ट्रमच्या स्क्रीनबद्दल थोडे बोलावे लागेल, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ही स्क्रीन २५६ गुणिले १९२ बिंदूंची असते. प्रत्येक बिंदू पेटलेला किंवा विझलेला, एवढीच माहिती तिच्या ६,१४४ बाइटमध्ये असते. रंग वेगळे ठेवलेले असतात: आठ बाय आठ बिंदूंच्या प्रत्येक चौकटीला एक बाइट, अशा ३२ गुणिले २४ म्हणजे ७६८ चौकटी. त्या एका बाइटमधले तीन बिट शाईच्या रंगासाठी, तीन बिट कागदाच्या रंगासाठी, एक उजळपणासाठी आणि एक लुकलुकण्यासाठी असतो. एका चौकटीत दोनच रंग येऊ शकतात, ही त्या यंत्राची सर्वांना ठाऊक असलेली मर्यादा. ‘पूररेषे’तले पाणी मी याच मर्यादेवर उभे केले आहे. ते बिंदूंनी काढलेलेच नाही. चौकटीचा कागद निळा झाला की तिथे पाणी आले, उजळपणाचा बिट लागला की ते वाहते आहे, लुकलुकण्याचा बिट लागला की ते सांडायच्या बेतात आहे. एक बाइट बदलला की ६४ बिंदूंचे पाणी भरते, आणि म्हणूनच ३.५ मेगाहर्ट्झच्या झेड८० प्रोसेसरवर संपूर्ण दालनाचे पाणी अडखळल्याशिवाय वाहू शकते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाण्याची वेगळी नोंद मेमरीत कुठेही नाही. स्क्रीनवरचा रंग हीच नोंद आहे. पाणी पुढे सरकवणारा कोड २२५२८ या पत्त्यापासून सुरू होणारी रंगांची मेमरी वाचतो, हाताशी असलेल्या चौकटीच्या पत्त्यात ३२ मिळवून तिच्या खालची चौकट पाहतो, तिथला कागद काळा असेल तर तो निळा करतो, नसेल तर एक मिळवून किंवा एक वजा करून शेजारच्या चौकटींकडे वळतो. हे वाचन तळाच्या ओळीपासून वरच्या ओळीकडे जाते, त्यामुळे एका फेरीत पाणी एकच चौकट खाली उतरते आणि ते पडताना डोळ्यांना दिसते. वरून खाली वाचले असते तर ते एका झटक्यात तळाला पोहोचले असते. हा कोड मोजून पाऊण पानाचा आहे. आणि मी लिहिलेल्या कोडपैकी तोच मला सर्वांत प्रिय आहे.

रंगांची ती मर्यादा आणखी एका ठिकाणी उपयोगी पडली. रखवालदार पाण्यात उतरला की पाण्याच्या चौकटीतली शाई त्यालाही लागते, म्हणून तो कमरेपर्यंत बुडाला असेल तर कमरेखाली आकाशी आणि वर पांढरा दिसतो. इतर बहुतेक गेममध्ये रंगांची ही सरमिसळ लपवण्यासाठी आटापिटा केला जातो. इथे तीच खेळाडूला पाणी किती चढले ते सांगते. छातीपर्यंत आकाशी झाला की चाक फिरवता येत नाही, हा नियम मी कुठेही लिहून दाखवलेला नाही आणि तरीही खेळणाऱ्याला तो पहिल्या दोन-तीन दालनांत आपोआप उमगतो.

एवढे सांगण्याचे कारण असे की ‘दोन्हींत झेड८० प्रोसेसर आहे, म्हणजे पोर्ट सोपा’ हा समज मला सर्वाधिक वेळा ऐकू येतो. प्रोसेसर एकच असला की गणिताचा आणि नियमांचा कोड उचलून नेता येतो हे खरे आहे. पण ‘पूररेषे’सारख्या गेममध्ये नियम आणि चित्र एकमेकांपासून वेगळे नाहीत, त्यामुळे एखादे यंत्र मला जवळचे की दूरचे हे त्याच्या प्रोसेसरपेक्षा ते स्क्रीनवर रंग कसे मांडते यावरून ठरते. आणि तसे पाहू लागले की जवळची आणि दूरची यंत्रे यांचा क्रम अनपेक्षितपणे बदलतो.

अ‍ॅमस्ट्रॅड सीपीसी ४६४ हे १९८४ चे यंत्र घ्या. त्यात झेड८० आहे, मेमरी ६४ किलोबाइट आहे, आवाजासाठी स्वतंत्र चिप आहे आणि निवडायला २७ रंग आहेत. कागदावर ते स्पेक्ट्रमचे थोरले भावंड वाटते. पण त्याच्या स्क्रीनला चौकटींचे रंग हा प्रकारच नाही. प्रत्येक बिंदूचा रंग त्या बिंदूतच साठवलेला असतो, त्यामुळे चार रंगांच्या मोडमध्ये आठ बाय आठची एक चौकट निळी करायला एकाऐवजी १६ बाइट लिहावे लागतात. एखादे मोठे दालन सांडू लागले की एका फेरीत साठेक चौकटी बदलतात, म्हणजे जवळजवळ हजार बाइट. तेवढ्यात एका फ्रेमच्या, म्हणजे स्क्रीनवर एकदा चित्र उमटण्याच्या वीस मिलिसेकंदांतला मोठा वाटा निघून जातो आणि रखवालदार पुसून पुन्हा काढायचे काम शिल्लकच राहते. शिवाय चार रंगांत काळा, पांढरा, निळा आणि वाहत्या पाण्याचा आकाशी संपले की चाव्यांसाठी आणि धोक्याच्या खुणांसाठी एकही रंग उरत नाही. हे अशक्य मुळीच नाही. स्क्रीन ३२ चौकटींच्या रुंदीची करून घेता येते आणि रंगांची नेमणूक क्षणात बदलता येत असल्याने वाहत्या पाण्याची हालचाल जवळपास फुकटात मिळते. पण पाण्याचा सगळा कोड मला नव्याने लिहावा लागेल, आणि तो लिहायचा तर मन लावूनच लिहायचा.

हे मी जाणूनबुजून ठासून सांगतो आहे. १९८० च्या दशकात स्पेक्ट्रमचे कितीतरी गेम सीपीसीवर आणि एमएसएक्सवर घाईघाईने उतरवले गेले: मूळ कोड तसाच ठेवायचा, प्रत्येक फ्रेमला स्पेक्ट्रमची चित्रे त्या यंत्राच्या पद्धतीत बदलून टाकायची आणि हळू चालणारा, फिक्या रंगांचा गेम पेटीत भरून विकायचा. प्रकाशकांनी दिलेली मुदत काही आठवड्यांची असे, त्यामुळे त्या प्रोग्रामरांना दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या यंत्रांच्या मालकांना ते गेम उपरे वाटले आणि ती नाराजी आजही टिकून आहे. माझ्यामागे कोणाची मुदत नाही. त्यामुळे सीपीसीवर ‘पूररेषा’ आली तर ती सीपीसीची म्हणूनच येईल, नाहीतर येणार नाही.

याउलट कमोडोर ६४. प्रोसेसर पूर्णपणे वेगळा, ६५१० नावाचा, वेग जेमतेम एक मेगाहर्ट्झ. झेड८० साठी असेंब्लीत, म्हणजे त्या प्रोसेसरच्याच भाषेत लिहिलेली एक ओळही तिथे चालणार नाही. पण त्याच्या ३२० गुणिले २०० बिंदूंच्या साध्या मोडमध्ये आठ बाय आठच्या प्रत्येक चौकटीला एक बाइट असतो आणि त्या बाइटचा वरचा अर्धा भाग पेटलेल्या बिंदूंचा रंग, खालचा अर्धा भाग मागचा रंग सांगतो. माझे पाणी अगदी असेच वाहते. निळा आणि फिकट निळा हे दोन्ही रंग त्याच्या सोळा रंगांत आहेत. ओळ ३२ ऐवजी ४० चौकटींची असल्याने खालची चौकट शोधायला ३२ ऐवजी ४० मिळवावे लागतील, एवढाच कल्पनेतला फरक. लुकलुकणे यंत्र स्वतः करत नाही, ते प्रोग्रामने करता येईल. अडचण येते ती रखवालदाराची. कमोडोरमध्ये हलत्या आकृत्यांसाठी आठ हार्डवेअर स्प्राइट आहेत आणि त्यांचा रंग मागच्या चौकटींवर अवलंबून नसतो, त्यामुळे पाण्यात उतरलेला रखवालदार कोरडाच दिसेल. इथे कुणी म्हणेल की हे तर चांगलेच झाले. पण पाण्याची खोली सांगणारी खूणच त्यात नाहीशी होते. यावर मला सुचलेला उपाय म्हणजे रखवालदार दोन स्प्राइटांचा करायचा, एक कोरडा आणि एक ओला, आणि पाण्याच्या पातळीप्रमाणे दोघांचे आकार कापायचे. तो प्रत्यक्षात कसा दिसतो हे चांगल्या पडद्यावर पाहणारा कोणीतरी मला हवा आहे.

कमोडोरचे काम अवघड आहे, पण त्याचा दुहेरी लाभ आहे. ६५१० हा ६५०२ या प्रोसेसरच्या कुळातला आहे आणि त्याच कुळातला प्रोसेसर निन्टेन्डोच्या एनईएसमध्येही आहे, त्यामुळे पाण्याचे नियम एकदा त्या भाषेत लिहिले की पुढे तिकडेही नेता येतील. या कुळाची एक गोष्ट मला नेहमी धीर देते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम जॉर्डन मेक्नर यांनी अ‍ॅपल टू या संगणकासाठी लिहिला आणि तो १९८९ मध्ये आला. कमोडोर ६४ वर तो कधी प्रकाशितच झाला नव्हता, पण २०११ मध्ये एका हौशी प्रोग्रामरने मूळ सोर्स कोड हाती नसताना, चालणारा प्रोग्राम उलगडून, त्याचा उत्तम पोर्ट केला. दुसऱ्या वर्षी हरवलेला सोर्स कोड सापडला आणि मेक्नर यांनी तो सर्वांसाठी खुला केला. त्याच्या आधारे २०१८ मध्ये बीबीसी मास्टर या संगणकावरचा पोर्ट झाला. तीन यंत्रे, एकच प्रोसेसर-कुळ आणि जवळजवळ तीस वर्षांचे अंतर. म्हणून मीही ‘पूररेषे’चा सोर्स कोड टिपांसह खुला करायचे ठरवले आहे. माझ्या आवाक्याबाहेरच्या यंत्रांवर दुसऱ्या कोणाला तो न्यायचा असेल तर माझी परवानगी आहे, अट एवढीच की पाण्याचे नियम बदलू नयेत.

एमएसएक्समध्ये पुन्हा झेड८० येतो, वेग ३.५८ मेगाहर्ट्झ, आणि स्क्रीनही २५६ गुणिले १९२ बिंदूंचीच. इथे चित्राची १६ किलोबाइट मेमरी प्रोसेसरला थेट दिसत नाही. व्हिडिओ चिपला पत्ता सांगून एकेक बाइट तिच्या हाती द्यावा लागतो. त्यामुळे ‘स्क्रीन हीच नोंद’ ही माझी युक्ती इथे मोडते आणि पाण्याची ७०४ बाइटची प्रत साध्या मेमरीत ठेवावी लागते, कारण खालच्या दोन ओळी गुणांसाठी सोडल्या की खेळाच्या ३२ गुणिले २२ चौकटी उरतात. त्या बदल्यात टाइलांची, म्हणजे चौकटीएवढ्या तयार चित्रांची सोय आहे. पाण्याची टाइल एकदा तयार केली की चौकटीत तिचा क्रमांक लिहायचा, म्हणजे पुन्हा एका चौकटीला एक बाइट. स्क्रीन चालू असताना या चिपला लागोपाठ दोन बाइट देताना मध्ये सुमारे २९ टी-स्टेटचे, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाच्या तेवढ्या ठोक्यांचे अंतर ठेवावे लागते. ते न पाळणारा प्रोग्राम काही एमुलेटरांवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामांवर निर्धोक चालतो आणि खऱ्या यंत्रावर मात्र चित्रात भलत्याच टाइला उमटतात. माझ्याजवळ खरा स्पेक्ट्रम आहे. वर आणि खाली उल्लेख केलेल्या इतर यंत्रांपैकी एकही नाही. खऱ्या यंत्रांवर पाहणाऱ्यांचा मी एवढा आग्रह का धरतो, ते यावरून लक्षात येईल.

आणि आता ज्या यंत्राची फारशी कोणी चौकशी केली नाही, पण जे मला सर्वांत जवळचे वाटते, त्या सेगा मास्टर सिस्टमबद्दल. झेड८०, वेग ३.५८ मेगाहर्ट्झ, स्क्रीन २५६ गुणिले १९२, म्हणजे तंतोतंत ३२ गुणिले २४ चौकटी. पाण्याची प्रत साध्या मेमरीत ठेवली की खालची चौकट ३२ मिळवूनच सापडते, आणि तो पाऊण पानाचा कोड जवळजवळ न बदलता चालतो. बदललेल्या चौकटींची यादी करायची आणि स्क्रीन रेखाटून झाल्यावरच्या मोकळ्या वेळात त्यांच्या टाइला बदलायच्या, एवढीच भर. ओल्या-कोरड्या रखवालदाराचा प्रश्नही इथे फार सुंदर सुटतो. या यंत्रात एखाद्या टाइलला स्प्राइटच्या पुढे उभे राहण्याचा अधिकार देणारा बिट असतो. त्या टाइलमधले शून्य क्रमांकाच्या रंगाचे बिंदू सोडून बाकीचे सगळे स्प्राइटच्या वर दिसतात. पाण्याची टाइल एकाआड एक बिंदूंची केली की रखवालदार पाण्यातून खरोखर आरपार दिसतो. स्पेक्ट्रमवर जे मर्यादेतून निघाले ते इथे यंत्राच्या सामर्थ्यातून मिळते, आणि पाहणाऱ्याला अर्थ तोच कळतो.

इथेही कष्ट आहेतच. स्पेक्ट्रमवर संपूर्ण प्रोग्राम लिहिता येण्याजोग्या मेमरीत असतो, म्हणून मी अनेक ठिकाणी चालू कोडमधले आकडे कोडकडूनच बदलून घेतले आहेत. वेग वाढवण्याची ही त्या यंत्रावरची रुळलेली पद्धत आहे. मास्टर सिस्टममध्ये प्रोग्राम कार्ट्रिजच्या रॉममध्ये राहतो आणि तिथे काही लिहिता येत नाही. लिहिण्यासाठी आहे ती फक्त ८ किलोबाइट मेमरी. असा प्रत्येक तुकडा शोधून त्या मेमरीत हलवावा लागेल किंवा सरळ पद्धतीने पुन्हा लिहावा लागेल. दुसरे म्हणजे, हे यंत्र काही ठिकाणी सेकंदाला ५० आणि काही ठिकाणी ६० फ्रेम दाखवते. पाण्याची फेरी फ्रेम मोजून चालवली तर साठवाल्या यंत्रावर पूर एक-पंचमांश अधिक वेगाने चढेल आणि शेवटची काही दालने सुटणारच नाहीत, म्हणून तिथे पाण्याचा ठोका वेगळा लावावा लागेल. आवाजाची बाजू मात्र सुखाची आहे. ४८के स्पेक्ट्रममध्ये आवाज काढायचा म्हणजे प्रोसेसरने स्वतः एक बिट सतत वरखाली करत बसायचे, त्यामुळे झडप उघडल्याचा आवाज होताना खेळ क्षणभर थांबतो. मास्टर सिस्टमच्या चिपमध्ये तीन सूर आणि एक खरखरीचा आवाज आहे, आणि वाहत्या पाण्याला खरखरीइतके साजेसे दुसरे काही नाही. फक्त तो क्षणभराचा थांबा मी मुद्दाम राखणार आहे, कारण चाक फिरल्यानंतर पाणी सुटेपर्यंतचा तो श्वास खेळणाऱ्याला विचार करायला मिळतो.

गेम बॉयबद्दल सर्वाधिक विचारणा झाली आहे, म्हणून तिथला पेच स्पष्ट सांगतो. त्याची स्क्रीन १६० गुणिले १४४ बिंदूंची, म्हणजे २० गुणिले १८ चौकटींची आहे. चित्राचा मागचा पट ३२ गुणिले ३२ चौकटींचा असल्याने माझे दालन त्यात अख्खे मावते आणि स्क्रीन त्यावरून सरकवता येते. तांत्रिकदृष्ट्या हे फार सोयीचे आहे. पण चाक फिरवणाऱ्याला दालनाच्या दुसऱ्या टोकाला पाणी कुठवर आले ते दिसणार नाही, आणि न दिसणाऱ्या पाण्याचा अंदाज बांधणे हा वेगळाच खेळ झाला. त्यामुळे गेम बॉयसाठी मी ही दालने नेणार नाही. २० गुणिले १६ चौकटींत मावणारी नवी, लहान दालने आखावी लागतील, आणि तो पोर्ट नसून स्वतंत्र गेम असेल. तसा गेम हवा असेल तर जरूर सांगा, मात्र ‘पूररेषा जशीच्या तशी खिशात’ ही अपेक्षा तिथे पुरी होणार नाही.

एनईएसवर स्क्रीन पुरेशी मोठी आहे, पण बदल करायला मिळणारा मोकळा वेळ फार थोडा आणि कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट; कमोडोरचे काम झाल्यावरच त्याचा विचार करीन. मेगा ड्राइव्ह, अमिगा आणि अटारी एसटी यांच्यात सामर्थ्य भरपूर आहे. तिथल्या खेळाडूंना मात्र त्या सामर्थ्याला शोभतील अशी चित्रे हवी असतात आणि तसे चित्रकाम माझ्या हातचे नाही. एखादा चित्रकार सोबतीला आला तर बोलू. १२८ बाइट मेमरीच्या अटारी २६०० चा मोह मी टाळला आहे. स्पेक्ट्रम १२८के साठी चिपवरचे संगीत घातलेली आवृत्ती मी कोणाच्या मागणीची वाट न पाहता करणारच आहे.

आता मूळ प्रश्न, म्हणजे आस्था मोजायची कशी. किती जणांनी गेम उतरवून घेतला हा आकडा मला फारसे काही सांगत नाही, कारण पुष्कळ जण संग्रहासाठी उतरवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. हात वर करून मोजणेही फसवे ठरते. सर्वांत लोकप्रिय यंत्राला सर्वाधिक हात मिळतात, पण त्या यंत्रावर दर महिन्याला नवे गेम येत असतात आणि आपला तिथे दोन दिवसांत मागे पडतो. ज्या यंत्रासाठी वर्षाकाठी मोजकेच गेम लिहिले जातात, तिथले वीस खेळाडू तो पुन्हा पुन्हा खेळतात, एकमेकांना दाखवतात आणि त्यातल्या उणिवा प्रेमाने सांगतात. मला अशा वीस जणांसाठी लिहायला अधिक आवडेल. एमुलेटरवर खेळणाऱ्यांना मी कमी लेखत नाही, बहुतेक खेळाडू तिथेच आहेत आणि मी स्वतःही बराच वेळ तिथेच घालवतो. पण खऱ्या यंत्रावर पाहणारे किमान तीन-चार जण मिळाल्याशिवाय कोणताही पोर्ट मी पूर्ण झाला असे जाहीर करणार नाही.

म्हणून ज्यांना रस आहे त्यांनी मला काही नेमक्या गोष्टी कळवाव्यात. आपल्याजवळ कोणते यंत्र आहे, ते ५० फ्रेमचे की ६० फ्रेमचे, मेमरी मूळ आहे की वाढवलेली, गेम कशावरून चढवता, म्हणजे कॅसेट, डिस्क, मेमरी कार्डवाली कार्ट्रिज की आणखी काही, आणि ते कोणत्या प्रकारच्या पडद्याला जोडलेले आहे. बिंदूंआड बिंदूंचे पाणी जुन्या काचेच्या पडद्यावर मऊ दिसते आणि सपाट पडद्यावर जाळीसारखे, त्यामुळे शेवटची माहिती वाटते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. कंट्रोलरला किती बटणे आहेत हेही सांगा. खेळात उडी आणि चाक अशी दोन कामे आहेत. मास्टर सिस्टमवर दोन्हींना बटण मिळते, पण कमोडोरच्या एका बटणाच्या जॉयस्टिकवर उडी ‘वर’ दिशेला द्यावी लागेल, आणि शिडीपाशीही ‘वर’च लागत असल्याने तिथे गोंधळ होतो का ते खेळणाऱ्यांकडूनच कळेल. आणि मूळ गेम कितव्या दालनापर्यंत खेळलात तेही अवश्य लिहा. कुठेही थांबला असाल तरी चालेल. पुष्कळ जण एकाच दालनात थांबले असतील तर नव्या आवृत्तीत ते दालन मी पुन्हा आखीन. कॅसेट किंवा कार्ट्रिज हातात हवी असणाऱ्यांनी तसे नोंदवून ठेवावे, पण त्याचा निर्णय पोर्ट तयार झाल्यावरच होईल आणि गेमची फाइल कोणत्याही परिस्थितीत सर्वांना खुली राहील.

सुरुवात मी मास्टर सिस्टमपासून करतो आहे. तीन दालनांची एक चाचणी आवृत्ती एमुलेटरवर चालू लागली आहे आणि ज्यांच्याजवळ खरे यंत्र आहे त्यांना ती आधी पाठवीन. तिच्या दुसऱ्या दालनात डावीकडचे आणि उजवीकडचे चाक लागोपाठ फिरवले की दोन्हीकडून पाणी एकदम सुटते आणि एका फेरीत सर्वाधिक चौकटी बदलतात. तेवढ्या वेळात एखादी टाइल चुकीची उमटते का, रखवालदाराची चाल अडखळते का, आणि पाणी दोन्ही बाजूंनी मधल्या खड्ड्यात एकाच वेळी पोहोचते का, या तीन गोष्टी पाहून मला कळवायच्या आहेत. त्या ठीक निघाल्या की उरलेली ४५ दालने घालायला घेईन, आणि दरम्यान आलेल्या उत्तरांवरून कमोडोर, एमएसएक्स आणि सीपीसी यांचा क्रम ठरेल.